दत्तक बाळास अंगावरचे दूध

पुरंदरावर १६५७ साली जन्मलेल्या संभाजीराजांस कापूरहोळच्या धाराऊने पाजिले, हे मी जुन्नरास वर्षानुवर्षे शिकविले. पुढे आंबेगावकडील एका विद्यार्थिनीने तान्हे मूल दत्तक घेताना विचारले, "गुरुजी, धाराऊ लेकुरवाळी होती. मला पान्हा फुटेल का?"

फुटू शकतो. दूध होते ते गर्भाशयात नव्हे, स्तनांत. वरचेवर चोखण्याने मेंदूतील पीयूषिका ग्रंथी दोन स्राव सोडते. एकाने दूध तयार होते, दुसऱ्याने उतरते. मूल घरी येण्यापूर्वीच काही आठवडे पंपाने आरंभ करितात. तरीही दूध बहुधा अपुरे पडते. तेव्हा वरचे दूध बारीक नळीने स्तनाग्रापाशी आणितात. बाळ चोखते आणि त्याचे पोटही भरते. वजन मात्र डॉक्टरांकडून नियमित करवून घ्यावे. आत्याबाईंच्या अंदाजावर विसंबू नये.