नवजात बाळाची कावीळ

गेल्या आठवड्यात पाथर्डीकडच्या एका खेड्यातून आजीबाई नातवाला घेऊन आल्या. बाळ चार दिवसांचे, गळ्यात काविळीची माळ. ‘डॉक्टर, माळ वाढतीय, म्हंजी कावीळ उतरतीय ना?’ असे त्यांनी विचारले. बाळाचे तळपाय हळदीसारखे पिवळे होते आणि ते अंगावर नीट पीत नव्हते.

हा पिवळेपणा येतो कोठून? आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हातारी झाली की ती ताठर होते आणि प्लीहेतील अरुंद फटींतून तिला निसटता येत नाही. तेथील भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशींची अशी विल्हेवाट लागते. त्यांतले लोह वाया जात नाही. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हा नव्या रक्ताला लागते. अन्नातून शरीरात शोषले जाते ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. जुन्या लुगड्याची गोधडी करावी, तसाच हा प्रकार! उरतो तो पिवळा रंग, बिलिरुबिन. यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करून पित्तावाटे आतड्यात सोडते. मार लागलेली जागा आधी काळीनिळी, मग हिरवट-पिवळी होते, ती याच कामाची खूण.

नवजात बाळात तांबड्या पेशी जास्त, त्यांचे आयुष्य कमी आणि यकृत अजून कच्चे. म्हणून बरीच बाळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी दिसतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत निवळतात. परंतु हा रंग फार साचला तर मेंदूत उतरतो. बहिरेपणा किंवा हातापायांचे अपंगत्व जन्मभर राहते. पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माळेच्या काड्या वाळून आखडतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. काविळीशी त्याचा संबंध नाही.

इंग्लंडमधील रॉचफर्ड येथे १९५६ साली सिस्टर वॉर्ड यांना उन्हात नेलेल्या बाळाची उघडी कातडी कमी पिवळी दिसली. त्यातूनच प्रकाशोपचार निघाला. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनचे रूप बदलते आणि ते यकृताची वाट न पाहता बाहेर पडते. मात्र घरच्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. ते पुरेसे पडत नाही.

आमचे बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून दोन दिवस निळ्या दिव्याखाली होते. आता चांगले पिते. माळ मी पहिल्याच दिवशी काढून आजीबाईंच्या हातात दिली होती. ती त्यांनी पिशवीत जपून ठेवली.