ओस पडलेले पूल हॉल

जुगाराचा अड्डा बंद पडला ही वार्ता कानी आली म्हणजे कोणत्याही संसारी माणसास बरेच वाटते. घरच्या बायकामुलांचा जीव भांड्यात पडतो आणि शेजारीपाजारीही सुटकेचा निःश्वास टाकतात. हे समाधान योग्यच आहे. तथापि अड्डा बंद पडला म्हणजे जुगार बंद पडला काय, आणि अड्ड्याबरोबर आणखीही काही नाहीसे झाले काय, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून ते पुरे होत नाही. अमेरिकेतील पूल हॉलांची हकीगत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. ती आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पूल हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आपल्या घरचा कॅरम डोळ्यांपुढे आणावा. पाटाच्या जागी नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असे भक्कम मेज. त्यावर पाटीच्या दगडाच्या सपाट फरशा आणि फरशांवर ताणून बसविलेली हिरवी बनात. कडेला सहा खिसे. सोंगट्यांच्या जागी पंधरा रंगीत चेंडू आणि स्ट्रायकरच्या जागी एक पांढरा चेंडू. तो बोटाने मारावयाचा नसून 'क्यू' नावाच्या लांब, निमुळत्या काठीने मारावयाचा. काठीच्या टोकाशी चामड्याची टिकली असते. ती घसरू नये म्हणून तिला खडू चोळतात. चेंडू खिशात घालणे हे निम्मेच काम. तो घातल्यावर पांढरा चेंडू पुढच्या फटक्यास सोयीच्या जागी आणून थांबविणे, हे खरे कसब. कॅरम खेळणाऱ्या कोणाही मुलास हे समजावून सांगावयास नको.

या खेळाला जुगाराचा डाग नावापासूनच लागला आहे. 'पूल' म्हणजे अनेकांनी मिळून एकत्र केलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना 'पूल रूम' म्हणत. एक शर्यत संपून दुसरीची बातमी येईपर्यंत गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून तेथे बिलियर्डची मेजे मांडण्यात आली. पैजेचे नाव असे मेजावरच्या खेळाला चिकटले, ते आजपर्यंत सुटलेले नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या हॉलांची भरभराट झाली. मोठ्या शहरांतून तर ते होतेच, पण लहान गावांतूनही एखादा असे. एका ओळीत मांडलेली मेजे, प्रत्येकावर खाली ओढलेला दिवा, कोपऱ्यात पिकदाणी, तंबाखूच्या धुराने भरलेली हवा, आणि भिंतीलगत उंच बाकांवर बसलेले बघे. मेजाचे भाडे तासावर. शिकागो शहरातील 'बेन्सिंगर' आणि न्यूयॉर्कमधील टाइम्स स्क्वेअरजवळचे 'एम्स' ही नावे खेळाडूंच्या तोंडी असत. स्त्रियांना तेथे सहसा स्थान नसे आणि लहान मुलांना कित्येक ठिकाणी कायद्यानेच मज्जाव होता.

येथे येणाऱ्या माणसांचे दोन वर्ग मानावे लागतील. पहिला, ज्यांना खेळ हेच सर्वस्व होते. फिलाडेल्फियाच्या विली मोस्कोनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच्या वडिलांचाच पूल हॉल होता. पण मुलाने या मार्गास लागू नये म्हणून त्यांनी चेंडू आणि काठ्या कुलुपात ठेवल्या. पोराने आईच्या स्वयंपाकघरातले लहान गोल बटाटे उचलले, झाडूचा दांडा हाती घेतला आणि त्यांवर सराव केला. पुढे १९४१ ते १९५७ या काळात तो पंधरा वेळा जगज्जेता ठरला. १९५४ साली ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे त्याने एकदाही न चुकता लागोपाठ ५२६ चेंडू खिशांत घातले. हा विक्रम २०१९ सालापर्यंत, म्हणजे पासष्ट वर्षे, टिकून होता. नीटनेटका पोशाख करून खेळणारा हा मनुष्य जुगाऱ्यांची संगत टाळी आणि त्यांच्यामुळे आपल्या खेळाची अब्रू जाते असे मानी.

दुसरा वर्ग या जुगाऱ्यांचा. त्यांना 'हसलर' म्हणत. नेड पोल्स्की नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्यांच्यात वावरून त्यांच्या रीतीभातींचा अभ्यास केला आणि तो १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पत्त्यांच्या फडात लबाडी करणारा हातचलाखी करतो. हसलरला तसे काही करण्याची गरज नसते, कारण उघड्या मेजावर सर्वांच्या देखत चेंडू हलवता येत नाही. त्याची लबाडी एकच: आपण किती चांगले खेळतो हे तो लपवितो. परक्या माणसाशी तो आधी थोड्या पैशांवर खेळतो, मुद्दाम चुकतो, थोडे हरतो. समोरच्याला आपण श्रेष्ठ आहो असे वाटू लागते आणि तो आपण होऊन पैज वाढवितो. मग हसलर जिंकतो; पण तेही अगदी थोडक्याने, नशिबाने जिंकल्यासारखे, म्हणजे बकरा पुन्हा खेळावयास उभा राहतो. कित्येकदा त्याच्यामागे पैसे पुरविणारा एक भांडवलदार असे आणि भिंतीलगतचे बघेही आपापल्या पैजा लावीत. ज्याला लुटावयाचे त्याचा अहंकार हेच या धंद्याचे खरे भांडवल, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. शनिवारी हातात पडलेला मजुरीचा पैसा रविवारची पहाट होण्यापूर्वी मेजावर गेला, तर घरी चूल कशी पेटत असेल हे वेगळे सांगावयास नको.

अशा जागांविरुद्ध उपदेशकांनी आवाज उठविला यात नवल नाही. परंतु उपदेशाचाही धंदा होऊ शकतो. १९५७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या 'द म्युझिक मॅन' या संगीतिकेत एक फिरता ठक आयोवा राज्यातील एका लहान गावात येतो. गावात नुकतेच पूलचे मेज आले आहे हे कळताच तो आईबापांना भय घालतो की तुमची मुले आता बिघडणार. आणि त्यावर उपाय म्हणून मुलांच्या बँडसाठी वाद्ये व गणवेश विकू लागतो. वास्तविक त्याला संगीताचा गंधही नसतो. लोक हे पाहून पोट धरून हसले. आम्ही उपदेश करणाऱ्यांनीही ते पाहून थोडे अंतर्मुख व्हावे. एखाद्या गोष्टीचे भय दाखविणे सोपे असते. तिच्या जागी खरोखर काय देणार, हे सांगणे अवघड.

असे असूनही हे हॉल प्रवचनांनी बंद पडले नाहीत आणि पोलिसांनीही ते संपविले नाहीत. छापे पडत, पण चार दिवसांनी मेजे पुन्हा गजबजत. हॉल ओस पडले ते निराळ्या कारणांनी.

पहिले कारण पोल्स्कीने सांगितले आहे आणि ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पूल हॉल हे मुख्यतः अविवाहित पुरुषांचे घर होते. भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार, परदेशांतून एकटे आलेले मजूर, जन्मभर लग्न न केलेले फिरस्ते, यांना संध्याकाळी जावयास दुसरी जागा नव्हती. पुढे जन्मभर अविवाहित राहणाऱ्या पुरुषांचे प्रमाण कमी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अमेरिकन तरुण लवकर लग्न करू लागले; १९५०च्या दशकात पुरुषांच्या पहिल्या विवाहाचे मध्यम वय बाविशी-तेविशीवर आले. कुटुंबे शहराबाहेरच्या वस्त्यांत राहावयास गेली, घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि पुरुषांच्या संध्याकाळी घरी जाऊ लागल्या. जो बदल उपदेशाने झाला नाही तो संसाराने घडवून आणला.

दुसरे कारण जागेच्या भाड्याचे. नऊ फुटी मेज मांडावयाचे तर भोवती काठी फिरविण्याइतकी मोकळी जागा लागते. तासाच्या भाड्यात एवढ्या जागेचा खर्च भरून येईना. तिसरे कारण मद्यगृहांतील यंत्राची मेजे. ही आखूड, बहुधा सात फुटी. त्यांत नाणे टाकले की चेंडू बाहेर येतात. लोक मद्याचा पेला बाजूला ठेवून पाच-दहा मिनिटांचा डाव खेळू लागले आणि तासन् तास चालणारा जुना खेळ मागे पडला.

मधूनमधून दिवा मोठा झाला हे खरे. वॉल्टर टेविस याच्या १९५९च्या कादंबरीवरून 'द हसलर' हा चित्रपट १९६१ साली निघाला. त्यात पॉल न्यूमन याने हसलरचे काम केले आणि मोस्कोनीने खेळाचे मार्गदर्शन केले. त्यानंतर देशभर नवे, स्वच्छ हॉल उघडले. त्याच वर्षी इलिनॉय राज्याच्या कोळसाखाणींच्या मुलखातील जॉन्स्टन सिटी या लहान गावी जान्स्को बंधूंनी नामांकित हसलरांचा मेळावा भरविण्यास आरंभ केला. दिवसा स्पर्धा चालत आणि रात्रभर पैजा. १९७२ साली केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी तेथे छापा घातला आणि तो मेळावा संपला. १९८६ साली न्यूमनचाच दुसरा चित्रपट आला, पुन्हा काही हॉल उघडले. पण जुने दिवस परतले नाहीत. आज अमेरिकेत पूल खेळला जातो तो बहुतांशी मद्यगृहांतील संघांच्या स्पर्धांतून किंवा घराच्या तळघरात.

यात वाईट काय झाले, असे कोणी विचारील. पुरुष घरी गेले हे चांगलेच झाले. पण ज्यांना घरच नव्हते त्यांचे काय? म्हातारे, एकटे, ज्यांची कोणी वाट पाहत नाही असे लोक त्या बाकांवर बसत; एक पैसाही न लावता खेळ पाहत आणि ओळखीच्या चार माणसांत संध्याकाळ घालवीत. तो बाकही गेला. आणि त्याबरोबर एक शाळा गेली. त्या हॉलात गुरू प्रमाणपत्र देत नसे आणि शिष्य फी देत नसे. पोरगा मेजाशेजारी उभा राहून महिनोन् महिने पाही आणि एखादा जाणता खेळाडू त्याच्या कोपरास नुसता हात लावून चूक दाखवी. अशी विद्या पुस्तकाने पुढे जात नाही. ती शिकण्यास एकत्र बसण्याची जागा लागते.

जेथे ती जागा राहिली तेथे विद्याही राहिली. फिलिपाईन्समधील पांपांगा प्रांतातला एफ्रेन रेयेस हा मुलगा मनिला शहरात नातलगाच्या पूल हॉलात वाढला. उंची पुरत नसे म्हणून तो शीतपेयांच्या खोक्यांवर उभा राहून खेळे आणि रात्री मेजावरच झोपे. १९८५ साली तो अमेरिकेत गेला. त्याची कीर्ती त्याच्या आधी पोहोचली होती, म्हणून सेझार मोरालेस असे खोटे नाव घेऊन त्याने तिकडच्या नामांकितांना पैजेच्या डावांत हरविले. पुढे १९९९ साली, आपल्या खऱ्या नावाने, तो नऊ-चेंडूंच्या खेळात जगज्जेता झाला. अमेरिकेने बंद केलेल्या शाळेचा उत्तम विद्यार्थी असा दूरदेशी निघाला.

हिरव्या बनातीचा आपल्या देशाशीही जुना संबंध आहे. स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी काढला असे मानतात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड स्पर्धा जिंकली. पहिल्या विजयाने ते कोणत्याही खेळात व्यक्तिशः जगज्जेते झालेले पहिले भारतीय ठरले. यावरून एवढे सिद्ध होते की मेज, काठी आणि चेंडू यांत पाप नाही. पाप त्यांभोवती जमलेल्या लोभात आहे.

आणि तो लोभ हॉलाबरोबर गेला काय? मुळीच नाही. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना आळा घालणारा केंद्राचा कायदा रद्द केला. तेव्हापासून राज्यामागून राज्याने त्या पैजा कायदेशीर केल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्या आता हातातल्या फोनवरून लावल्या जातात. आपल्याकडेही मटक्याची चिठ्ठी आणि मांडवी नदीवरील कॅसिनोंचे दिवे वाचकांस ठाऊक आहेत. फोनवर पैसे लावून खेळण्याचे वेड इतके पसरले की अशा खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेला २०२५च्या ऑगस्टमध्ये करावा लागला.

जुना हॉल वाईट होता. पण तेथे हरणारा माणूस आपल्याला हरविणाऱ्याचे तोंड पाहू शकत असे. खिसा रिकामा झाला की डाव थांबे, मध्यरात्रीनंतर केव्हा तरी दिवे मालवत, आणि बाकावरचा एखादा म्हातारा कानाशी लागून सांगे, "पोरा, आता घरी जा." फोनला दिवे मालवणे ठाऊक नाही. शेजारच्या खाटेवर झोपलेल्या आईलाही कळत नाही की आपला मुलगा पांघरुणाखाली शेताचे पैसे हरत आहे. जुगार चव्हाट्यावरून उठला तो थेट माजघरात येऊन बसला.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. कायदा हवा आणि तो पाळलाही पाहिजे. पण अड्ड्याला कुलूप लावणे हे अर्धे काम झाले. रिकाम्या संध्याकाळचे काय करावयाचे, हे दुसरे अर्धे. आपल्या प्रत्येक वाड्यावर संध्याकाळी उघडी राहणारी, चांगल्या उजेडाची एक खोली असावी. तिच्यात दोन कॅरम असावेत आणि भिंतीलगत एक बाक असावा. गावात जो कोणी उत्तम खेळतो त्याला आठवड्यातून दोनदा तेथे बोलवावे आणि मुलांना त्याच्याजवळ उभे राहू द्यावे. ज्या म्हाताऱ्यांच्या घरी बोलावयास कोणी नाही त्यांना त्या बाकावर आवर्जून बसवावे. पैशाचा विषय निघाला तर पहिल्यांदा तेच मुलांना हटकतील.