कंट्रोलर बदलण्याआधी मीटर लावा
सालेकसा तालुक्यातील एका दुरुस्तीची हकीकत

गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने निघालेली गाडी आमगाव ओलांडते तसे डोंगर जवळ येऊ लागतात आणि सालेकसा येते. दरेकसा, हाजरा फॉल, कचारगडच्या गुहा हे सारे याच तालुक्यात. धानाचा आणि जंगलाचा हा मुलूख. वादळात तारेवर फांदी पडली की आडवाटेची वस्ती अंधारात जाते. म्हणून छपरावर सोलरची प्लेट आणि घरात बॅटरी ठेवणारे लोक इथे भेटतात. प्लेटांच्या मागोमाग दुरुस्तीचा धंदाही आला. होतकरू तरुणांनी हा धंदा जरूर करावा, पण कसा करावा, हे आम्हाला गेल्या हिवाळ्यात पाहायला मिळाले.

एका खेड्यातले किराणा दुकानदार आमच्या परिचयाचे आहेत. शंभर वॉटची प्लेट, बारा व्होल्टची बॅटरी आणि मध्ये चार्ज कंट्रोलर, एवढाच त्यांचा सरंजाम. संध्याकाळी दिवे, पंखा लावला की तासाभरात सारे बंद. विकणारा म्हणाला, कंट्रोलर गेला. बदलला. चार महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी सल्ला मिळाला की नवी बॅटरीच घ्या. हंगामापर्यंत उधारीवर चालणाऱ्या दुकानाला हजारोंचा हा खर्च कसा झेपावा?

शेवटी सालेकसा येथील एका तरुण मिस्त्रीला बोलावले. त्याने कंट्रोलर उघडलाच नाही. खिशातला साधा मीटर काढून भर दुपारी बॅटरीच्या खुंट्यांवर लावला. १३.३ व्होल्ट. मग तीच जोडणी कंट्रोलरच्या स्क्रूवर मोजली. १४.३!

"चाचा, कंट्रोलर ठीक आहे," तो म्हणाला. "एक व्होल्ट रस्त्यात हरवतो आहे. आधी वायर पाहू."

कंट्रोलरला बॅटरीच्या पोटातले काही दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या स्क्रूवरचा व्होल्ट कळतो. पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी साधारण १४.४ व्होल्टला पोचली की तो चार्जिंग आवरतो, आणि ती ११ च्या आसपास उतरली की दिवे तोडतो. इथे वायर बारीक होती आणि खुंट्यांवर पांढरा-हिरवा गंज चढलेला. दिवसा कंट्रोलरला वाटे बॅटरी भरली, पण ती अर्धवटच असे. रात्री दिव्यांचा करंट त्याच वायरीतून गेला की कंट्रोलरला व्होल्ट खरा असतो त्याहून कमी दिसे आणि तो वेळेआधीच दिवे तोडी. दोन्हीकडून फसवणूक, आणि बदनामी बिचाऱ्या कंट्रोलरची!

मिस्त्रीने आधी प्लेटची वायर सोडवली, नंतर बॅटरीची. जोडताना क्रम उलटा, म्हणजे आधी बॅटरी, मग प्लेट. बॅटरी नसताना प्लेट जोडली तर कंट्रोलर जळू शकतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून खुंट्या धुतल्या, मात्र थेंबही आत जाऊ दिला नाही. वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. जाड वायर टाकली, बॅटरी कंट्रोलरच्या जवळ आणली, डिस्टिल्ड वॉटर भरले.

वायरीचा हिशेब दुकानदारांनी लक्षात ठेवावा असा आहे. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, आणि करंट सहा अँपिअर असेल तर सुमारे दीड व्होल्ट वायरीतच जातो. चार चौरस मिलिमीटरची घातली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. मे महिन्यात याचा फटका जास्त बसतो. ऊन कडक म्हणजे वीज जास्त, असा लोकांचा समज, पण प्लेट तापली की तिचा व्होल्ट उतरतो. चालू असताना १८ व्होल्ट देणारी प्लेट ६५ अंशांपर्यंत तापली की १५ च्या जवळ येते. त्यातून दीड गेला तर १४.४ पर्यंत पोचणार कसे?

कंट्रोलर खरोखर बिघडतच नाही असे नव्हे. साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर, चांगले ऊन असताना, प्लेटच्या स्क्रूवर २० व्होल्ट आणि बॅटरी मात्र १२ वरच अडकलेली, असे दिसले तर करंट पुढे जात नाही, दोष त्याचाच. बॅटरी १५ च्या वर जाऊन खदखदू लागली तरी तोच. लिथियम बॅटरी लावून सेटिंग लेड-ॲसिडचीच ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांनी आधी माहितीपत्रक वाचावे.

मिस्त्रीने पाहणीचे, वायरीचे आणि मजुरीचे पैसे घेतले. नव्या बॅटरीवर मिळाले असते त्याहून ते कितीतरी कमी होते. आमच्यासमोरच शेजारच्या दोन घरांनी त्याला बोलावून नेले. आधी काढून फळीवर टाकलेले दोन्ही 'खराब' कंट्रोलर त्याने जाता जाता मीटर लावून तपासले. दोन्ही चालू निघाले. त्यातला एक आता चाचांच्या धाकट्या भावाच्या घरी लागला आहे.