सव्वा ग्रॅमचा फरक

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. सकाळी उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तपासणीच्या कागदावर हीच साखर 100 या आकड्याने लिहिलेली असते, कारण मोजमाप दर 100 मिलिलिटरला किती मिलिग्रॅम असे असते. आकडा 100 च्या आत असला तर माणूस निरोगी. 126 किंवा त्याच्या वर गेला, आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर मधुमेह. आता हा 26 चा फरक पाच लिटर रक्ताला लावून पाहा. उत्तर येते सुमारे सव्वा ग्रॅम. ज्या आजाराने डोळे जातात, मूत्रपिंडे निकामी होतात, पाय कापावे लागतात, त्याच्या आणि निरोगीपणाच्या मध्ये चिमूटभर साखरेचे अंतर आहे.

हे अंतर शरीर कसे सांभाळते ते पाहिले की थक्क व्हायला होते. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले भाताचे तालुके. लावणीच्या दिवसांत, कमरेत वाकून दिवस काढल्यावर माणूस एका बैठकीला दीडशे ग्रॅम तांदळाचा भात सहज खातो. त्यातून सुमारे 115 ग्रॅम ग्लुकोज तयार होते. रक्तात मुळात असलेल्या साखरेच्या तेवीस पट साखर एका जेवणातून आत येते आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातला आकडा दोन तासांत 140 च्या खाली आलेला असतो. आलेली साखर यकृत आणि स्नायू उचलून ठेवतात. यकृतात सुमारे 100 ग्रॅम साठते, स्नायूंमध्ये 400 ग्रॅमच्या आसपास. मेंदूला एकट्याला दिवसाकाठी 120 ग्रॅम ग्लुकोज लागते, ते रात्री झोपेतही यकृतातल्या साठ्यातून पुरवले जाते.

ही सगळी उचल-ठेव इन्सुलिनच्या हुकमावर चालते. जठरामागे स्वादुपिंड नावाचा ऐंशी-शंभर ग्रॅमचा अवयव आहे. त्यात पेशींची दहा लाखांच्या आसपास बेटे विखुरलेली आहेत. सगळी बेटे एकत्र केली तरी वजन एक-दोन ग्रॅमच भरेल. ती दिवसाला साधारण 45 युनिट इन्सुलिन बनवतात, म्हणजे दीड मिलिग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याला पुरणारे सगळे इन्सुलिन गोळा केले तर चाळीस ग्रॅमच्या आत बसते.

2011 च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 3 लाख 14 हजार होती आणि मुरबाडची 1 लाख 90 हजार. वीस वर्षांवरची माणसे ढोबळपणे तीन लाख धरू. कसाऱ्यापासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या या तीन लाख माणसांचे एका दिवसाचे इन्सुलिन किती? अर्धा किलोच्या आत, जवळजवळ एक पौंड.

हा एक पौंड माणसाला बाहेरून मिळवावा लागला तेव्हा त्याची किंमत कळली. 1921 मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तोवर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवणे एवढाच इलाज होता. शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देण्यात आले. पण औषध यायचे कत्तलखान्यातून. एक पौंड इन्सुलिनसाठी सुमारे साडेतेवीस हजार जनावरांची स्वादुपिंडे लागत. आपल्या दोन तालुक्यांतली माणसे काही न करता, न कळता, एका दिवसात अंगातल्या अंगात तेवढे इन्सुलिन तयार करतात. 1978 मध्ये जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून इन्सुलिन बनवण्याची युक्ती साधली, 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झाले आणि जनावरांवरचे अवलंबित्व संपत गेले.

लेनर्डला झाला होता तो टाइप 1 प्रकारचा मधुमेह. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच ती बेटे मारते. इन्सुलिन उरत नाही, आणि इंजेक्शनवाचून जगता येत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजाप्रमाणे भारतात वीस वर्षांखालची अशी सुमारे सव्वादोन लाख मुले आहेत. टाइप 2 चे तसे नाही. त्यात इन्सुलिन तयार होते, पण यकृत आणि स्नायू त्याला दाद देत नाहीत. स्वादुपिंड वर्षानुवर्षे जादा काम करून थकते, आणि तेव्हा कुठे आकडा वर येतो. दहातल्या नऊ रुग्णांचा मधुमेह हाच. गरोदरपणात होणारा मधुमेह वेगळा मोजतात. बाळंतपणानंतर तो बहुधा जातो, पण त्या बाईला पुढे टाइप 2 होण्याचा धोका इतर बायकांच्या सातपट असतो.

आता मोजणी. आयसीएमआर-इंडियाब हा देशाचा सर्वांत मोठा मधुमेह अभ्यास. 2008 ते 2020 या काळात 1 लाख 13 हजार माणसे तपासून त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये छापले गेले. देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी 13 कोटी 60 लाख. याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यावरून 2011 मध्ये काढलेला अंदाज 6 कोटी 24 लाखांचा होता. शहरांत 16.4 टक्के प्रौढ मधुमेही निघाले, खेड्यांत 8.9 टक्के. म्हणजे खेडी अजून बरीच बरी आहेत असे वाटेल. पण उंबरठ्यावरच्यांचे प्रमाण पाहा: शहरांत 15.4 टक्के, खेड्यांत 15.2 टक्के. पुढच्या पिढीच्या मधुमेहाच्या रांगेत गाव आणि शहर आजच खांद्याला खांदा लावून उभी आहेत. या अभ्यासातला मला सर्वांत जास्त घाबरवणारा आकडा हाच आहे.

देशाच्या ग्रामीण भागाचे हे प्रमाण आपल्या तीन लाखांना लावले तर शहापूर आणि मुरबाड मिळून सत्तावीस हजारांच्या आसपास मधुमेही आणि पंचेचाळीस हजार उंबरठ्यावरचे, असा हिशेब येतो. हा गुणाकार आहे, गावोगाव जाऊन केलेली मोजणी नव्हे. डोळखांबच्या पाड्यांवरचे आणि वाशिंद-आसनगावच्या चाळींतले प्रमाण एक असणार नाही. पण आकडा निम्मा धरला तरी तेरा हजारांहून जास्त माणसे होतात.

यावर गावात हमखास मिळणारे उत्तर असे: शुगर जाड्या माणसांना होते, बसून खाणाऱ्यांना होते, आपण कष्टाची माणसे. या समजुतीला सगळ्यांत मोठा धक्का महाराष्ट्रातूनच बसला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. बायका शेतात राबणाऱ्या, वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. बाळे जन्मली सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखलेली. पोटात अन्न कमी पडले तेव्हा बाळाने मेंदू आणि चरबी वाचवली, स्नायूंवर आणि स्वादुपिंडावर काटकसर केली. साखर उचलून ठेवणारे स्नायूच जन्मतः कमी. असे मूल पुढे जरा जास्त खाऊ लागले, चालणे कमी झाले, की सव्वा ग्रॅमचे अंतर तुटायला वेळ लागत नाही.

2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी एक: 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. वजनकाट्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांत दुपटीहून जास्त फरक होता. म्हणून आपल्याकडे जास्त वजनाची खूण 25 ऐवजी 23 ला धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 व बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात.

याहून टोकाची गोष्ट कुपोषणाशी थेट जोडलेल्या मधुमेहाची. 1955 मध्ये जमैकात याचे पहिले वर्णन झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये त्याला वेगळा प्रकार मानले आणि 1999 मध्ये यादीतून काढून टाकले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांसह 2022 मध्ये दाखवून दिले की या अगदी हडकुळ्या रुग्णांत अडचण मुख्यतः इन्सुलिन कमी बनण्याची आहे, दाद न देण्याची नाही. एप्रिल 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप 5 म्हणून मान्यता दिली. जगात असे दोन ते अडीच कोटी लोक असावेत असा अंदाज आहे. सगळे तज्ज्ञ अजून एकमताचे नाहीत. पण शहापूर-मुरबाडसाठी हा वाद पुस्तकी नाही. इथे ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजांची वस्ती मोठी आहे आणि कुपोषित मुलांची नोंद दरवर्षी होते. पस्तीस किलो वजनाच्या तरुणाची साखर वाढलेली दिसली आणि नेहमीच्या हिशेबाने इन्सुलिन दिले, तर ज्या घरात संध्याकाळच्या जेवणाची खात्री नाही तिथे साखर एकदम खाली जाऊन त्याचा जीव जाऊ शकतो.

वाढलेली साखर करते काय? मूत्रपिंडे रोज 180 लिटर द्रव गाळतात. आपल्या तीन लाख माणसांची मूत्रपिंडे मिळून रोज 5 कोटी 40 लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 5,400 टँकर. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा भातसा धरणाचा, आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, म्हणून हे माप इथल्या माणसाला लगेच समजेल. या गाळण्यात माणशी 180 ग्रॅम साखर खाली उतरते आणि निरोगी मूत्रपिंड ती सगळी उचलून रक्तात परत पाठवते. दोन तालुक्यांची मिळून रोज 54 टन साखर, आणि लघवीत जवळजवळ काही जात नाही. रक्तातला आकडा 180 च्या वर गेला की ही उचल पुरी पडत नाही. साखर लघवीत जाते, सोबत पाणी ओढून नेते. रात्रीतून चार वेळा उठणे आणि न भागणारी तहान इथून येते. पण तहान लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून बारीक रक्तवाहिन्या खराब होत असतात. पायांतल्या नसा बधिर होतात. अनवाणी चिखलात उभ्या असलेल्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही आणि जखम दिसते तेव्हा हाडापर्यंत गेलेली असते. 2005 मध्ये 'लॅन्सेट'ने लिहिले होते की जगात दर तीस सेकंदांना मधुमेहामुळे कुणाचा तरी पाय कापला जातो. म्हणजे दिवसाला 2,880.

उपचाराचे आकडे मात्र धीर देणारे आहेत. तांबड्या रक्तपेशी 120 दिवस जगतात, त्यामुळे त्यांच्यावर चिकटलेली साखर मोजली की तीन महिन्यांची सरासरी कळते. ही एचबीएवनसी चाचणी. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात हा आकडा एका टक्क्याने कमी असला तर डोळे-मूत्रपिंडांचे विकार 37 टक्क्यांनी आणि मधुमेहाने होणारे मृत्यू 21 टक्क्यांनी कमी दिसले. उंबरठ्यावरच्या माणसांवर चेन्नईत झालेल्या आणि 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात नुसत्या आहार-चालण्याने मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने 26.4 टक्क्यांनी. मेटफॉर्मिन ही 1957 पासून वापरात असलेली, अत्यंत स्वस्त गोळी आहे. भात सोडायला कुणी सांगत नाही. ताटातला भात कमी करून डाळ, पालेभाजी, वाल वाढवावे, एका वेळेला नागलीची भाकरी घ्यावी.

गोळी तुटण्याचे मोठे कारण इथे स्थलांतर आहे. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. सहा महिने ना कार्ड, ना तपासणी. अशा माणसाला निघण्यापूर्वी निदान तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्याव्यात आणि भट्टीजवळच्या दवाखान्यात पुढची सोय करून द्यावी. माझ्या मते इथल्या मधुमेहाच्या कामात यापेक्षा तातडीचे दुसरे काही नाही.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात फुकट तपासण्याची सरकारी योजना आहे, आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. गरोदर बाईची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत होते: 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी, आणि आकडा 140 च्या आत हवा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, धसई, किन्हवली, कसारा इथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. तुम्ही बारीक असा, राबणारे असा, काही त्रास नसो, तरी वय तीसच्या पुढे असेल तर या आठवड्यात बोटातला रक्ताचा एक थेंब देऊन या आणि घरातल्या बाईलाही सोबत न्या.