ताकद आधी की पकड?

लेखांक सातवा

टायरवरच्या लेखांकानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. जुनी जपानी कुळातली गाडी हाताशी आहे, थोडे पैसे साठले आहेत. मोठं इंजिन बसवावं की सस्पेन्शनला हात घालावा? वाशिम जिल्ह्यात गाडी चालवायची असेल तर माझं उत्तर ठाम आहे: पहिला पैसा सस्पेन्शनवर घाला.

जपानच्या ज्या स्पोर्ट्स कारची चित्रं पोरं मोबाईलवर लावतात, त्यांतल्या माझदा एमएक्स-५, टोयोटा एई८६ किंवा निसान सिल्व्हिया आपल्या शोरूममध्ये कधी आल्याच नाहीत. आपल्या वाट्याला आल्या सुझुकीच्या घराण्यातल्या जिप्सी, एस्टीम, बलेनो, होंडाची सिटी व्हीटेक, मित्सुबिशीच्या लान्सर आणि सेडिया. आपल्याकडच्या रॅल्यांमध्ये वर्षानुवर्षं धावल्या त्या याच गाड्या. त्यामुळे प्रश्नाचा निकालही यांच्यावरच लावला पाहिजे.

त्यासाठी जिप्सीसारखं उदाहरण नाही. १९८५ मध्ये ती आली तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं, ताकद जेमतेम ४५ अश्वशक्ती. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १,२९८ सीसीचं इंजिन आलं, ताकद ६० वर गेली. पुढे २००० साली मल्टिपॉइंट इंजेक्शन बसलं आणि ती ८० झाली. पंधरा वर्षांत ताकद पावणेदोन पट झाली, पण चारही चाकांवरचे पाटे (लीफ स्प्रिंग) गेले नाहीत. २०१९ मध्ये शोरूममधली विक्री थांबली तेव्हाही गाडी पाट्यांवरच उभी होती. तिकडे जपानमध्ये तिच्याच कुळातल्या जिम्नीला १९९५ सालीच कॉइल स्प्रिंग मिळाल्या होत्या.

पाट्याला दोन कामं करावी लागतात: वजन झेलायचं आणि अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवायचा. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे लहान हादरा ते गिळतच नाहीत, सरळ बॉडीत पाठवतात. खडबडीत रस्त्यावर हलक्या जिप्सीचं मागचं चाक उड्या मारू लागतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ४५ अश्वशक्ती दिल्या काय आणि ८० दिल्या काय, दोन्ही वायाच. चिखलात आणि चढावर तिची बरोबरी करणारी गाडी आपल्याकडे फारशी नव्हती, हे मी मनापासून मानतो. पण वेगात वळण घेताना तिला कमी पडली ती पकड.

माझदानं नेमका उलटा रस्ता धरला. १९८९ च्या एमएक्स-५ चे मुख्य अभियंता तोशिहिको हिराई यांनी घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही कल्पना डोळ्यापुढे ठेवली होती. तिचं १.६ लिटरचं इंजिन कंपनीच्याच साध्या फॅमिली कारच्या घराण्यातलं, सुमारे ११५ अश्वशक्तीचं. कष्ट घेतले ते वजन हजार किलोच्या आत ठेवण्यात आणि चारही चाकांना डबल विशबोन देण्यात. जगभर लोक आजही त्या गाडीवर जीव टाकतात.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत निसानच्या २४०एसएक्समध्ये जपानी सिल्व्हियाचं २ लिटर टर्बो इंजिन टाकण्याची मोठी परंपराच आहे, आणि ती शहाणपणाची आहे. बॉडी तीच, मागचं मल्टिलिंक सस्पेन्शन मुळातच उत्तम, आणि त्याच बॉडीत कंपनीनं स्वतः हे २०५ अश्वशक्तीचं इंजिन जपानमध्ये विकलेलं. गाडीचा सांगाडा जास्त ताकदीसाठी आधीच तयार असेल तिथे इंजिन बदलण्यात अर्थ आहे. मारुती ८०० मध्ये एस्टीमचं इंजिन कोंबण्याला हा न्याय लावता येत नाही.

कारण एकटं इंजिन कधीच बदलत नाही. फाउंडेशन नवी बनवावी लागतात, वायरिंग आणि ईसीयू बदलावं लागतं, क्लच, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट नवा जोर पेलतील का ते पाहावं लागतं. रेडिएटर लहान पडला तर विदर्भातला मे महिना काटा लगेच लालवर नेतो. पुढच्या चाकांवर वजन वाढतं, म्हणजे पुढच्या स्प्रिंग दबतात. म्हणजे सस्पेन्शन शेवटी करावंच लागतं, फक्त तोवर खिसा रिकामा झालेला असतो. ब्रेकचं गणित त्याहून कडक आहे: वेग ८० वरून १२० झाला की गाडी थांबवताना जिरवायची ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. अकोल्याकडे जाताना पातूरचा घाट मूळ ब्रेकवर उतरणाऱ्यानं हा आकडा विसरू नये.

कायदाही बघा. आरसीवर इंजिन नंबर, सीसी, सिलिंडरची संख्या लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की मूळ बनावटीच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ बदललं. त्यात अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. अपघात झालाच तर विम्याचा दावाही अडतो. एमएच-३७ च्या, म्हणजे वाशिमच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारा, नंतर पाना उचला. सस्पेन्शनचा उल्लेख आरसीवर नसतो, म्हणून तिथे वाट्टेल ते चालेल असंही नाही. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा दर्जेदार भाग, इथवर मात्र अडचण येत नाही.

आता आपले रस्ते. एकीकडे समृद्धी महामार्ग: कारंजा, शेलूबाजार, मालेगाव अशा ठिकाणांहून त्याच्यावर चढता येतं आणि कारला ताशी १२० ची मुभा आहे. खाली उतरलं की काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या आतल्या रस्त्यांवर खड्डा दिसतो तरी; हा लाटेसारखा उंचसखलपणा दिसत नाही, तो शॉकअपला कळतो. टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. तो टेकलेला ठेवणं हेच सस्पेन्शनचं काम.

आणि सस्पेन्शन म्हणजे गाडी खाली करणं नव्हे. इथे मला खरोखर कळकळीनं सांगायचंय: स्प्रिंग कापू नका. काम करणाऱ्या सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, वर तिची दबायला उरलेली जागा कमी होते. शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या मापाचा असतो, त्याला ही नवी चाल आवरत नाही. गतिरोधकावर चेंबर घासतं, एखाद्या दिवशी फुटतं. चाकांचे कोन बिघडून टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो, आणि असा टायर १२० च्या वेगात फुटला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत मी सुरुवात सगळ्यात कंटाळवाण्या भागांपासून करायला सांगेन. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर लिंक. रबर कडक झालेलं असतं, चिरलेलं असतं, आणि त्यामुळे चाक स्वतःच्या मर्जीनं थोडं इकडेतिकडे वळतं. मग चारही शॉकअप एकदम, निदान जोडीनं; एकच बदलला तर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. त्यानंतर अलाइनमेंट. एवढ्यावर महिनाभर गाडी चालवा. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन सगळं शाबूत असूनही गाडी खरोखर मंद वाटली, तर इंजिनाचा विषय काढू, आणि तोही आधी आहे त्याच इंजिनाची तब्येत तपासून: कॉम्प्रेशन, इंजेक्टर, क्लच.

पुढच्या आठवड्यात: शॉकअप संपला आहे की नाही, हे घरच्या अंगणात कसं ओळखायचं.