कामाच्या ठिकाणी मनाचा मोठेपणा



औदार्य म्हटले की आपल्याला देणगी, वर्गणी किंवा अन्नदान आठवते. परंतु ऑफिस, कारखाना किंवा शाळा चालवणाऱ्या माणसाजवळ देण्यासारखी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे श्रेय. आणि स्वतःकडे घेण्यासारखी एक गोष्ट असते, ती म्हणजे दोष. या दोन्हींचे वाटप प्रमुख कसे करतो, यावर तेथील वातावरण ठरते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या भारतीय प्रक्षेपक यानाचे पहिले उड्डाण झाले. प्रकल्पप्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाणाआधी संगणकाने धोक्याची सूचना दिली होती. तरी तज्ज्ञ सहकाऱ्यांच्या सल्ल्याने उड्डाणाचा निर्णय कलामांनी घेतला. दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. पत्रकारांना तोंड देण्याची वेळ आली, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन पुढे झाले. त्यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास दाखवला.

पुढे १८ जुलै १९८० रोजी याच यानाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. त्या दिवशी मात्र धवन यांनी पत्रकार परिषद कलामांना घ्यायला सांगितली. कलाम राष्ट्रपती झाल्यावरही ही आठवण भाषणांतून सांगत असत.

याचा अर्थ चुकीवर पांघरूण घातले, असा नाही. बिघाडाची तपासणी झाली, कारण शोधले गेले. फरक एवढाच की चूक आत तपासली गेली आणि बाहेरचा मार प्रमुखाने झेलला. याचा प्रत्यक्ष लाभ असा की माणसे चूक लपवत नाहीत. जिथे साहेब चारचौघांत रागावतात, तिथे कारकून हिशेबातली गफलत दाबून ठेवतो आणि ती मोठी झाल्यावरच उघडकीस येते. जिथे विश्वास असतो, तिथे तो त्याच दिवशी येऊन सांगतो.

हे मी फार उशिरा शिकलो. प्राचार्य झाल्यावर पहिल्याच वर्षी आपल्या शाळेच्या नाटकाला आंतरशालेय स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. ढाल घ्यायला मीच मंचावर गेलो. दोन महिने सुटीच्या दिवशीही मुलांची तालीम घेणाऱ्या बाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी एवढेच म्हणाल्या, “सर, यंदा नाटक दुसऱ्या कुणाला द्या.” माझी चूक त्या वेळी लक्षात आली. मी त्यांची क्षमा मागितली, पण नाटक त्यांनी पुन्हा हाती घेतले नाही. शाळेचे नुकसान झाले ते झालेच.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. कौतुक नाव घेऊन व सर्वांसमोर करायचे. चूक दाखवायची ती दार लावून, एकट्याला. पालकांची तक्रार आली तर आधी उत्तर मी द्यायचे. आणि बक्षीस ज्याने मेहनत केली त्याच्याच हाती द्यायचे.

पालकांनाही एक विनंती. मुलाने स्वतःहून चूक कबूल केली, तर आधी त्याच्या खरेपणाचे कौतुक करा, मग चुकीबद्दल बोला. उद्या हीच मुले कुठेतरी प्रमुख होणार आहेत. आज घरी जे पाहतील, तेच ते तिथे करतील.

आपला,
प्राचार्य