पुसलेला आकडा

भाजीवाल्याच्या दोन चिठ्ठ्या. पहिलीत २ किलो कांदे, ३ किलो बटाटे, एकूण १३० रुपये. दुसरीत ४ किलो कांदे. बटाट्यांचे वजन पाण्याने पुसलेले. वजने दोन ओळींत मांडली की झाली मॅट्रिक्स. पुसलेल्या जागी लिहू 'क'.

भाव निघतील का, हे निश्चयक सांगतो. तिरपे गुणाकार करून वजाबाकी करा: २ × क − ३ × ४, म्हणजे २क − १२. क = ६ असेल, तर उत्तर शून्य. मग दुसरी खरेदी पहिलीचीच दुप्पट; तिच्यातून भाव कळणार नाहीत. पण क = ५ आणि बिल २३० असेल, तर पहिली चिठ्ठी दुप्पट करून तिच्यातून दुसरी वजा करा. बटाटे ३० रुपये किलो, कांदे २०.

याच निश्चयकावर दहावीच्या बीजगणितातली क्रेमरची रीत उभी आहे. जिनिव्हाच्या गॅब्रिएल क्रेमरने ती १७५० मध्ये प्रसिद्ध केली. वजाबाकीची युक्ती मात्र फार जुनी: सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चिनी गणिती काड्यांनी आकडे चौकटीत मांडून धान्याची अशीच कोडी सोडवत.

तेव्हा आकडेमोडीआधी निश्चयक तपासा. तो शून्य असेल, तर डोके खाजवू नका; नवी चिठ्ठी मागा.